डागाळलेल्या संघाचा चाहता

आपला आवडता संघ हरला की चाहत्याला दुःख होते आणि दोन दिवसांत ते ओसरते. पण तोच संघ जिंकूनही संशयाच्या भोवऱ्यात सापडला, तर चाहत्याची अवस्था मोठी चमत्कारिक होते. त्याला संघाची वकिली करता येत नाही, न्यायाधीशाचा आव आणणे त्याच्या अधिकारात बसत नाही आणि पाठ फिरवून निघून जाणे मनाला पटत नाही. प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु ज्याला आपण एकदा आपले म्हटले त्याच्याविषयी शंका निर्माण झाल्यावर कसे वागावे, हा पेच केवळ खेळापुरता मर्यादित नाही.

या विषयाला निमित्त आहे जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या 'पुणे ग्रँड टूर' या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचे. आमच्या किकवीच्या परिसराला सायकल नवी नाही. कापूरहोळ ते शिरवळ या पट्ट्यात दुधाच्या किटल्या, शाळकरी मुले आणि टपाल ही वर्षानुवर्षे सायकलवरूनच हिंडत आली. पण पगारी सायकलपटू, त्यांचे संघ, त्यांच्यामागून धावणाऱ्या मोटारी हा सारा प्रकार येथील तरुणांना नवा होता. शर्यतीनंतर विद्यार्थी विचारू लागले, "सर, तुमचा संघ कोणता?" 'टीम स्काय', म्हणजेच पुढे 'इनिऑस' झालेला ब्रिटिश संघ, असे उत्तर दिले की ज्याने थोडेफार वाचले आहे तो विद्यार्थी हळूच पुढचा प्रश्न टाकतो, "ते औषधांचे प्रकरण झाले, तोच ना?" होय, तोच. आणि प्रस्तुत लेखक २०१२ पासून त्याच संघाचा चाहता आहे.

वाऱ्याचे अर्थशास्त्र

सायकल शर्यतीत संघ कशाला हवा, असे अनेकांना वाटते. शेवटी पिवळी जर्सी एकाच्याच अंगावर चढते. याचे उत्तर वाऱ्यात आहे. पुढे चालणारा सायकलपटू वारा अंगावर घेतो आणि त्याच्या मागे चाकाला चाक लावून जाणाऱ्याचे श्रम फार मोठ्या प्रमाणात वाचतात. अर्थशास्त्रात दुसऱ्याच्या खर्चावर लाभ घेणाऱ्याला 'फुकटस्वार' म्हणतात. सायकल शर्यतीत हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. म्हणून प्रत्येक संघ आपल्या नायकासाठी वारा झेलणारे सेवक नेमतो. टूर द फ्रान्समध्ये २०१७ पर्यंत एका संघात ९ जण असत, २०१८ पासून ८ असतात. त्यांतील एकासाठी इतरांनी दिवसभर राबायचे, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, प्रसंगी स्वतःचे चाक काढून द्यायचे आणि अखेरच्या घाटात बाजूला व्हायचे, असा हा व्यवहार आहे. विजेत्याला मिळणारे ५ लाख युरोचे बक्षीसही प्रथेनुसार सहकाऱ्यांत वाटले जाते.

या खेळाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याला दार नाही. पालखी पाहायला जसे तिकीट नसते, तसेच टूर पाहायलाही नसते. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे मोठे उत्पन्न शर्यतीच्या आयोजकांकडे राहते. परिणामी संघांना जगण्यासाठी प्रायोजकावाचून गत्यंतर नसते. संघाची नावे गावांची नसून कंपन्यांची असतात ती यामुळेच. प्रायोजकाने हात आखडता घेतला की संघ एका हंगामात नाहीसा होतो. असुरक्षितता, एकाच्या यशावर अनेकांची पोटे आणि वर्षभराच्या मेहनतीचा निकाल जुलैच्या तीन आठवड्यांत, अशी रचना असेल तेथे मोहाला जागा मिळणारच. १९९८ च्या 'फेस्तिना' प्रकरणाने आणि २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँग याची सात विजेतेपदे काढून घेण्यात आल्याने ते जगजाहीर झाले.

आवडण्याची कारणे

अशा बदनाम क्षेत्रात २०१० च्या हंगामात टीम स्काय उतरली. डेव्ह ब्रेल्सफर्ड या तिच्या प्रमुखाने दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या : पाच वर्षांच्या आत ब्रिटिश सायकलपटू टूर जिंकेल आणि तो उत्तेजकांवाचून जिंकेल. पहिली गोष्ट तिसऱ्याच हंगामात खरी झाली. २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स, २०१३, २०१५, २०१६ व २०१७ मध्ये ख्रिस फ्रूम, २०१८ मध्ये गेरेंट थॉमस आणि संघाचे नाव बदलल्यावर २०१९ मध्ये कोलंबियाचा एगन बर्नाल, अशा आठ वर्षांत सात टूर या संघाने जिंकल्या.

लेखकाला भुरळ पडली ती या आकड्यांपेक्षा त्यामागच्या शिस्तीची. खेळाडूंच्या झोपेसाठी त्यांच्या गाद्या-उशा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात नेणारा हा संघ. प्रत्येक बारीक गोष्टीत किंचित सुधारणा केली तर त्यांची बेरीज मोठी होते, हा त्याचा सिद्धांत. आषाढाच्या पावसात वीज टिकली तर रात्री नऊच्या सुमारास आल्प्समधील अखेरचा चढ पडद्यावर दिसे. पुढे ओळीने चार-पाच सहकारी, एकेक करून थकून बाजूला होणारे, आणि शेवटी मोकळा सोडलेला नायक. २५ मे २०१८ रोजी इटलीच्या शर्यतीत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या कच्च्या रस्त्याच्या घाटात फ्रूमने हल्ला चढवला आणि सुमारे ८० किलोमीटर एकट्याने जाऊन हातची गेलेली शर्यत फिरवली. त्या दिवशी वाटेत ठिकठिकाणी खाणे-पाणी घेऊन माणसे उभी करण्याची योजना संघाने आखली होती. पराक्रम एकट्याचा दिसला, तरी त्यामागे नियोजन अनेकांचे होते. आपल्याकडे सामूहिक कामाचा जो अभाव पदोपदी जाणवतो, त्या पार्श्वभूमीवर हे दृश्य मनाला उभारी देणारे होते.

आरोपांची प्रतवारी

आता दुसरी बाजू. ती सांगताना सिद्ध, असिद्ध आणि नियमात बसणारे पण न शोभणारे, अशी प्रतवारी करणे न्यायाचे होईल.

फ्रूमच्या सप्टेंबर २०१७ मधील चाचणीत साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाचे प्रमाण मर्यादेच्या दुप्पट आढळले. फिनेस्त्रेचा तो पराक्रम ही चौकशी चालू असतानाच घडला. जुलै २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या मतानुसार हे प्रकरण बंद केले. ज्याला अधिकृत यंत्रणेने दोषमुक्त केले त्याला दोषी म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही.

विगिन्सचे प्रकरण वेगळे आहे. २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये महत्त्वाच्या शर्यतींच्या तोंडावर त्याला ट्रायमसिनोलोन हे औषध घेण्याची वैद्यकीय सवलत मिळाली होती, हे २०१६ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले. सवलत रीतसर होती, नियमभंग नव्हता. परंतु ब्रिटिश संसदेच्या समितीने मार्च २०१८ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, या औषधाचा वापर केवळ आजारासाठी न होता कामगिरी सुधारण्यासाठी झाला आणि संघाने स्वतःच आखलेली नैतिक रेषा ओलांडली. विगिन्सने आणि संघाने हा निष्कर्ष फेटाळला.

तिसरे प्रकरण डॉक्टरांचे. ब्रिटिश सायकल संघटना व टीम स्काय या दोहोंसाठी काम केलेले डॉ. रिचर्ड फ्रीमन यांनी २०११ मध्ये टेस्टोस्टेरॉनची पाकिटे मागवली, आणि ती कोणा खेळाडूसाठी आहेत हे जाणून वा तसे समजून मागवली, असे ब्रिटनच्या वैद्यकीय न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये ठरवले व त्यांचे नाव व्यवसायाच्या नोंदवहीतून काढले. तो खेळाडू कोण, हे निश्चित झाले नाही.

हरवलेले दप्तर

या सर्वांहून लेखकाला अस्वस्थ करणारे प्रकरण एका पाकिटाचे आहे. जून २०११ मध्ये मँचेस्टरहून एक पाकीट माणसाच्या हाती आल्प्समधील शर्यतीपर्यंत पोचवण्यात आले. त्यात काय होते? खोकल्याचा कफ पातळ करणारे साधे औषध होते, असे संघाने सांगितले. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने तपास केला. आणि पाकिटात काय होते हे सिद्धही करता येत नाही व खोडूनही काढता येत नाही, असे म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये तो थांबवला. कारण उपचारांच्या नोंदीच नव्हत्या. डॉक्टरांचा संगणक २०१४ मध्ये ग्रीसमध्ये चोरीला गेला होता आणि नोंदींची दुसरी प्रत केलेली नव्हती.

कचेरीत काम करणाऱ्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आवक-जावक वही सापडत नाही, पावती फाटली, ज्याच्याकडे किल्ली होती तो रजेवर आहे, असे उत्तर लेखापरीक्षकाला दिले तर काय होते, हे आपण सारे जाणतो. चार रुपयांच्या खर्चालाही व्हाउचर लागते. उशीच्या जाडीपासून चाकाच्या वजनापर्यंत प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या आणि २०१६ या एका वर्षात सुमारे ३ कोटी १० लाख पौंड खर्च करणाऱ्या संघाकडे एका औषधाची पावती असू नये, ही गोष्ट गुन्हा सिद्ध करीत नाही. पण ती निर्दोषपणाही सिद्ध करू देत नाही. जो स्वतःच्या स्वच्छतेची जाहिरात करतो, त्याच्यावर नोंदी ठेवण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक असते.

आणखी एक मुद्दा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचणारा आहे. आर्मस्ट्राँग प्रकरणानंतर २०१२ मध्ये संघाने आपल्या सर्व सेवकांकडून पूर्वायुष्यात उत्तेजकांशी संबंध नसल्याचे लिहून घेतले. ज्यांनी खरे सांगितले त्यांना संघ सोडावा लागला. हेतू चांगला असेल. पण कबुलीची किंमत नोकरी ठरवली की कबुली देणारे कमी होतात आणि गप्प बसणारे टिकून राहतात. जुलै २०२५ मध्ये टूर चालू असताना संघाच्या एका जुन्या सेवकाला २०१२ च्या सुमारास झालेल्या कथित संपर्कांबाबत चौकशीसाठी विचारणा झाली आणि त्याने स्पर्धा मध्येच सोडली. चौकशी म्हणजे दोषारोप नव्हे, हे येथेही लक्षात ठेवले पाहिजे. तथापि प्रतिज्ञापत्राने भूतकाळ पुसला जात नाही, एवढे यावरून दिसते.

पैशाचीही गोष्ट अशीच. २०१८ च्या टूरमध्ये संघाच्या जर्सीवर समुद्रातील प्लॅस्टिकविरोधी मोहिमेचा संदेश होता. मे २०१९ मध्ये मालकी गेली ती इनिऑस या प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या रसायन कंपनीकडे! नव्या नावाच्या पहिल्याच शर्यतीत, इंग्लंडमध्ये, निदर्शक उभे राहिले. मात्र पैशाने सर्व विकत घेता येते हा सिद्धांतही पुरता खरा ठरला नाही. २०२० ते २०२५ या सहा टूर पोगाचार आणि विंगेगो या दुसऱ्या संघांच्या दोघांनी आपसांत वाटून घेतल्या, आणि वर्चस्वाविषयीची कुरकुर आता त्यांच्या वाट्याला आली आहे.

चाहत्याचा धर्म

मग चाहत्याने काय करावे? २०१५ मध्ये रस्त्याच्या कडेच्या एका माणसाने फ्रूमच्या अंगावर मूत्र फेकल्याची तक्रार फ्रूमने केली होती. संशयाला पुरावा समजणाऱ्या जमावाची ही परिणती आहे. दुसऱ्या टोकाला, आमच्या संघाविरुद्ध सारे जग कट करीत आहे, असे मानणारे भक्त आहेत. दोघांचीही विचार करण्यातून सुटका झालेली असते.

लेखकाच्या मते चाहत्याने आपली आवड सोडण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्कही सोडू नये. किंबहुना परक्या संघाच्या दप्तराची चौकशी आपण कुतूहलाने करतो. आपल्या संघाच्या दप्तराची चौकशी करण्याचा खरा अधिकार आपला आहे, कारण त्याच्या जर्सीवरील नावाला किंमत येते ती आपल्या डोळ्यांमुळे. वारा झेलून मागे पडलेल्या त्या सेवक सायकलपटूंचे श्रम खरे होते. ज्याच्या नोंदी नीट नाहीत तो संघ प्रथम त्यांचाच अपराधी आहे, कारण त्यांच्या घामावरही त्याने संशयाची सावली पाडली.

हा विचार आपल्याला परका नाही. अनेक दशके चालत आलेल्या मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' होण्यासाठी बोरघाटात जीव तोडणारी मुले आपण पाहिली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने यशाचा अर्थ रेल्वेतील वा सैन्यदलातील नोकरी हाच होता. नोकरी, बढती आणि घराची आशा एका शर्यतीवर टांगलेली असली की मोह येथेही तितकाच प्रबळ असतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार भारतातील ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी आढळले, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. परदेशी संघाकडे बोट दाखवताना ही आकडेवारी आपल्या टेबलावर असलेली बरी.

पुणे जिल्ह्यात आता आंतरराष्ट्रीय शर्यत आली आहे. उद्या प्रायोजक येतील, संघ उभे राहतील, भोर-वेल्ह्याच्या एखाद्या मुलाला पगारी सायकलपटू होता येईल. ते जरूर व्हावे. मात्र त्या मुलाला सायकल देताना त्याच्या संघाच्या डॉक्टराने कोणते औषध, कोणत्या दिवशी, कशासाठी दिले, याची वही पहिल्या दिवसापासून घालावी. वही घालायला फारसा खर्च येत नाही. ती नसल्याची किंमत किती, हे ३ कोटी पौंडांच्या संघाने जगाला दाखवून दिले आहे.