कोकोच्या पैशातले विद्यापीठ

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घाना देशाला इंग्रजी अमलात 'गोल्ड कोस्ट' म्हणत. पण विसाव्या शतकात तेथील खरे सोने म्हणजे कोको. लहान लहान शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर बागा लावल्या आणि त्या काळी जगात सर्वाधिक कोको पिकविणारा मुलूख म्हणून त्याचे नाव झाले. अशा मुलखाला विद्यापीठाचे कॉलेज असावे की नसावे, हे मात्र लंडनमध्ये ठरायचे होते.

मागणी जुनीच होती. १९२० साली आक्रा येथे भरलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या राष्ट्रीय परिषदेनेही विद्यापीठ मागितले होते. पण पदवी हवी तर सिएरा लिओनमधील फुरा बे कॉलेज गाठावे किंवा सरळ परदेशी जावे, अशी स्थिती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात आपल्या देशाचा अनुभव होता, हे वाचून मला गंमत वाटली. १८५७ साली लंडनच्या नमुन्यावर मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठे काढली. त्यांतून कारकून निघाले तसे सरकारला जाब विचारणारेही निघाले!

१९४३ साली सरकारने वॉल्टर इलियट यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९४५ च्या अहवालात आयोगाचे दोन तट पडले. बहुमताचे म्हणणे, नायजेरिया, गोल्ड कोस्ट आणि सिएरा लिओन या तिन्ही ठिकाणी कॉलेजे असावीत. अल्पमताचे म्हणणे, विद्यार्थी थोडे, पैसा थोडा. तेव्हा नायजेरियात इबादान येथे एकच कॉलेज चांगले चालवावे. हिशेब म्हणून हे चूक नव्हते. पण आयोगावरील तिन्ही आफ्रिकी सभासदांनी बहुमताच्या बाजूने सही केली. त्यांत नायजेरियाचे रॅन्सम-कुटी होते, हे मला विशेष वाटते. एकमेव कॉलेज त्यांच्याच देशाला मिळत होते, तरी त्यांनी शेजाऱ्यांचा वाटा मागितला.

सरकारचा कल अल्पमताकडे गेला. गोल्ड कोस्ट आणि नायजेरिया यांच्यामध्ये फ्रेंचांच्या ताब्यातील प्रदेश. तो ओलांडून पोरांनी शिकायला जावे! डॉ. जे. बी. डांक्वा आदी पुढाऱ्यांनी, आमचे कॉलेज आम्ही चालवू, असा आग्रह धरला. सरकारला नमते घ्यावे लागले आणि ११ ऑगस्ट १९४८ रोजी गोल्ड कोस्टचे युनिव्हर्सिटी कॉलेज स्थापन झाले. खर्चाला मोठा आधार कोकोच्या पैशाचा.

हा पैसा आला कसा? कोकोची खरेदी सरकारी मंडळ करी. जगाच्या बाजारात भाव चढला, तरी शेतकऱ्याच्या हाती कमी भाव पडे आणि वरचा पैसा मंडळाकडे साचे. म्हणजे देणगीही शेतकऱ्याची आणि कपातही शेतकऱ्याचीच. आमच्या भागात ऊसबिलातून टनामागे कॉलेजसाठी पैसे कापून घेतात. बिलाची पट्टी आली की वडील मला ती वाचायला लावतात आणि त्या रकान्याशी मला थांबवतात. रागाने की अभिमानाने, हे मी अजून विचारलेले नाही. त्यामुळे कोको शेतकऱ्याने हे सारे आनंदाने दिले, असे लिहायला माझा हात धजत नाही.

कॉलेज मिळाले, पण पदवी लंडन विद्यापीठाची. अभ्यासक्रमात स्थानिक बदल करायचा तर त्यालाही लंडनची संमती हवी. पहिले प्राचार्य डेव्हिड बाम हे ग्रीक विद्येचे पंडित. केंब्रिजचे झगे आणि वसतिगृहांच्या चालीरीती तेथे आल्या. असो. दर्जा सांभाळला गेला, हेही खरे. स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला तो १९६१ साली, देश स्वतंत्र होऊन चार वर्षे झाल्यावर.

लेगॉनच्या टेकडीवरील त्या विद्यापीठात एका वसतिगृहाचे नाव 'अकुआफो' आहे. तेथील अकान भाषेत या शब्दाचा अर्थ, शेतकरी.