खोल पाण्यातील खडकवासी मासे

आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस मासा म्हटला की पैठणच्या नाथसागरातील रोहू, कटला अथवा मरळ आठवते. समुद्र छत्रपती संभाजीनगरपासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. त्याची ओळख आठवडी बाजारातील सुकट-बोंबलापुरतीच. त्यामुळे सर्वच मासे रोहूप्रमाणे झपाट्याने वाढतात व बीज सोडले की तळे पुन्हा भरते, अशी समजूत वर्गात सहज रुजते. ती दूर करण्यास कोकणच्या समुद्रातील हेकरू हा मासा फार उपयोगी आहे.

हेकरूस मालवणकडे गोबरा म्हणतात. मोठे तोंड, जाड ओठ, पाठीवर टोकदार काटे आणि अंगावर ठिपके किंवा पट्टे, असे त्याचे रूप असते. खडकांच्या कपारी आणि प्रवाळ ही त्याच्या बहुतेक जातींची वसतिस्थाने होत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार असून कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली आहे. अशा जागी हेकरू कपारीशी निश्चल राहतो. खेकडा अथवा लहान मासा जवळ येताच तो तोंड एकदम उघडतो आणि भक्ष्य पाण्यासह आत ओढले जाते. हेकरूच्या अनेक जातींत मासा प्रथम मादी म्हणून प्रौढ होतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्यांपैकी काही नर बनतात. म्हणून मोठे मासेच वेचून पकडले गेल्यास नरांची वाण पडते.

आता दाबाचा विचार करू. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो; ५० मीटरांवर तो हवेसह सहापट होतो. पाण्यात तरंगत राहण्यासाठी माशाच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते. काही माशांना तीतील वायू तोंडावाटे सोडता येतो. हेकरूच्या पिशवीस मात्र तशी वाट नाही. मासा चटकन वर ओढला तर वायू सहापट फुगू पाहतो, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे खोबणीतून उसळतात. वर्गात हे दाखविणे कठीण नाही. सुई काढलेल्या मोठ्या पिचकारीत गाठ मारलेला इवलासा फुगा घालावा, तोंड बोटाने बंद करावे व दट्ट्या मागे ओढावा. फुगा डोळ्यांदेखत टरारतो. मुले हा प्रयोग पुन्हा पुन्हा करावयास लावतात, हे गृहीत धरून वेळ राखून ठेवावा.

उत्तर पॅसिफिक महासागरात याहून खोल राहणारे सेबॅस्टिस वंशाचे खडकमासे आहेत. यांची अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि पिले पाण्यात सोडली जातात. माशाच्या डोक्यात कानाजवळ चुनखडीचे लहान खडे असतात. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांत वर्षावर्षाची वलये उमटतात. ती मोजून, १५० ते ४५० मीटर खोलीवर आढळणाऱ्या एका जातीचे वय २०० वर्षांपर्यंत भरले आहे. पेशवाईच्या अखेरीस जन्मलेला मासा आज जिवंत असू शकेल! या जातीच्या मादीस प्रथम पिले होण्यास सुमारे २० वर्षे लागतात. रोहू दोन-तीन वर्षांत वयात येतो, हे येथे शेजारी मांडावे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली समुद्रातील ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले. उथळ पाण्यातील लहान मासा परत सोडला तर तो वाचण्याची आशा असते. खोलातील खडकवासी मासा मात्र फुगलेल्या पोटामुळे खाली जाऊच शकत नाही. पाण्यावर उलटा तरंगतो आणि घारींच्या तोंडी पडतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गळाने मासेमारी करणारे अशा माशास वजन बांधलेल्या दोरीने पुन्हा खोलवर नेऊन सोडतात. खाली दाब वाढताच वायू आकुंचन पावतो, डोळे जागी बसतात आणि पुष्कळ मासे पोहत कपारीकडे निघून जातात.