चित्र लख्ख, पण आवाज कुठे गेला?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पंचावन्न किंवा पासष्ट इंची टीव्ही घरी येतो. बसवायला आलेला मुलगा भिंतीत ब्रॅकेट ठोकतो, समुद्रातल्या रंगीत माशांचा एखादा व्हिडिओ लावून दाखवतो, सही घेतो आणि पुढच्या घरी जातो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाच स्पीकर आणि वूफरचा संच जोडायचा असतो, सेट-टॉप बॉक्स असतो, मुलांचं प्लेस्टेशन असतं, कुणाकडे हौसेनं घेतलेला ब्लू-रे प्लेअरही असतो. प्रत्येक वस्तू एकेकटी नीट चालते. सगळ्या एकत्र जोडल्या की पडद्यावर 'नो सिग्नल' येतं, नाहीतर चित्र येतं आणि आवाज गायब होतो, नाहीतर आवाज येतो पण ओठांशी जुळत नाही. सगळा रविवार त्यात जातो आणि जोडणी करणाऱ्याला वाटू लागतं, आपल्यालाच यातलं काही कळत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

या जोडणीचा कणा म्हणजे एचडीएमआय केबल. सोनी, फिलिप्स, हिताची, तोशिबा, मात्सुशिता, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी २००२ च्या डिसेंबरमध्ये तिचं पहिलं मानक आणलं. त्याआधी चित्रासाठी वेगळ्या वायरी लागायच्या आणि आवाजासाठी वेगळ्या. आता एकोणीस पिनांच्या एकाच प्लगमधून दोन्ही जातात, ही मोठीच सोय झाली. पण त्या पिनांमधून चित्र आणि आवाज जायच्या आधी दोन्ही उपकरणांचं आपसात बोलणं होतं. टीव्ही सांगतो, मला इतके टिपके दाखवता येतात, हे रंग दाखवता येतात. मग प्लेअर त्याच्याकडे ओळखपत्र मागतो. चित्रपटाची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून केलेली ही तपासणी, तिचं नाव एचडीसीपी. ४के चित्रपटांसाठी तिची २.२ ही आवृत्ती लागते आणि मधल्या प्रत्येक उपकरणाकडे ती असावी लागते.

घोळ होतो तो इथे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी भरपूर पैसे मोजून घेतलेला, स्पीकर चालवणारा रिसीव्हर आजही उत्तम वाजत असतो. स्ट्रीमिंगची काडी त्याला जोडली आणि त्यातून टीव्हीला वायर नेली, की तो जुना रिसीव्हर ओळखपत्र दाखवू शकत नाही. मग पडदा काळा राहतो किंवा ४के चित्रपट मुकाट्यानं साध्या एचडीत दिसू लागतो. लोक केबल बदलतात, ती महागडी केबलही उपयोगी पडत नाही, आणि शेवटी चांगला रिसीव्हर भंगारात जातो. तसं करायची गरज नाही. चित्र देणारी सगळी उपकरणं थेट टीव्हीला जोडावीत आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरला द्यावा. त्यासाठी ऑप्टिकल वायरही चालते. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज आजही बिनतक्रार नेते. छतावरूनही ऐकू येणारा अ‍ॅटमॉस तिच्यातून जात नाही, पण पाच स्पीकरांचं घर तिच्यावर सुखानं चालतं.

आता त्या आकड्यांविषयी. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ आलं, २०१३ मध्ये २.० आणि २०१७ मध्ये २.१. सेकंदाला वाहून नेण्याची क्षमता २.० मध्ये १८ गिगाबिट होती, ती २.१ मध्ये ४८ झाली. खोक्यावर २.१ लिहिलेलं पाहिलं की आपण समजतो, नव्यातलं सगळं यात आहे. तसं नसतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवाना देणाऱ्या संस्थेनंच स्पष्ट केलं, की २.० हे स्वतंत्र मानक आता उरलेलं नाही, त्यातल्या गोष्टी २.१ मध्येच धरल्या आहेत आणि २.१ ची नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. म्हणजे त्यातलं एकही वैशिष्ट्य नसलेल्या टीव्हीवर २.१ हा आकडा नियमानुसार छापता येतो. हा ग्राहकावर सरळसरळ अन्याय आहे असं माझं मत आहे. दुकानात आकडा विचारून उपयोग नाही. 'ई-आर्क आहे का? १२० हर्ट्झला ४के चालतं का? किती सॉकेटवर चालतं?' असं एकेक गोष्टीचं नाव घेऊन विचारावं लागतं. (ई-आर्कविषयी पुढे.)

तज्ज्ञ कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स हे गेमचं यंत्र बाजारात येण्याच्या सुमारास डेनॉन, मरँट्झ आणि यामाहाच्या नव्याकोऱ्या रिसीव्हरांमधल्या एचडीएमआय चिपमध्ये दोष असल्याचं उघड झालं. १२० हर्ट्झचं ४के चित्र त्यातून गेलं की पडदा काळा व्हायचा. डेनॉन-मरँट्झवाल्यांनी मधे लावायला एक वेगळा जोड दिला, यामाहानं आतला बोर्ड बदलून दिला. आयुष्यभर हेच काम करणाऱ्या इंजिनिअरांच्या हातून हे निसटलं, तर आपल्या हॉलमध्ये पडदा काळा झाल्यावर स्वतःला बोल लावायचं कारण नाही.

सगळं नीट जोडूनही चित्र फिकं वाटत असेल, तर एक सेटिंग आधी बघावं. प्लेअर किंवा गेमचं यंत्र पूर्ण क्षमतेनं चित्र देऊ शकतं, पण बऱ्याच टीव्हींचे सॉकेट जुन्या उपकरणांशी जुळावेत म्हणून कमी क्षमतेवर ठेवलेले असतात. ते वाढवायचं बटण सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस' या नावाखाली सापडतं, एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर' आणि सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. गोष्ट एकच, नावं तीन, आणि तीही मेनूच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर. एका रिमोटनं सगळं चालू-बंद करणाऱ्या सीईसी या सोयीचंही तसंच. सॅमसंग तिला अ‍ॅनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. घरात आजी-आजोबा असतील तर ही सोय चालू करून घेतल्याशिवाय उठू नये. तीन रिमोट समोर ठेवून गेलात, तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मालिका बुडणार.

मालिकेवरून आणखी एक गोष्ट. 'इतका महाग टीव्ही आणला आणि मालिका धुरकट दिसते' ही तक्रार घरोघरी असते. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे सुमारे सव्वाचार लाख टिपके असतात. ४के पडद्यावर ते ८३ लाख असतात. एका टिपक्यावरून वीस टिपके टीव्हीनं अंदाजानं भरायचे, मग चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसणारच. टीव्ही बदलून हे सुधारत नाही. वाहिनीची एचडी आवृत्ती असेल तर ती घ्यावी, आणि सेट-टॉप बॉक्स १०८० वर ठेवला आहे का ते तपासावं. अनेक घरांत तो बसवला त्या दिवसापासून खालच्या सेटिंगवरच चालत असतो.

स्वस्त प्रोजेक्टर घेणाऱ्यांनी तर जास्तच जपून राहावं. '४के सपोर्ट' याचा अर्थ एवढाच, की ४के चित्र आत घेतलं जातं. पडद्यावर पडताना ते ७२० किंवा १०८० चंच असू शकतं. 'नेटिव्ह' रिझोल्युशन किती, हे विचारायचं. शिवाय नक्कल रोखणाऱ्या वाइडवाइन या प्रणालीचं एल१ प्रमाणपत्र नसलेल्या यंत्रांवर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देतच नाहीत, मग घरचं इंटरनेट कितीही वेगवान असो.

आता आवाज. टीव्हीतून रिसीव्हरला जाणारी एचडीएमआय जोडणी 'आर्क' लिहिलेल्या सॉकेटमधून होते आणि टीव्हीवर तो सहसा एकच असतो. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे दोन बोटांची फट, त्यात मोबाइलचा टॉर्च मारून ती बारीक अक्षरं शोधावी लागतात. केबल तिथे लागली तरी टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'पीसीएम' निवडलेलं असेल, तर बाहेर दोनच चॅनेलचा आवाज पडतो आणि मागचे स्पीकर मुके राहतात. तिथे 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' निवडायचं. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस साध्या आर्कमधूनही जातो. ब्लू-रे डिस्कवरचा, काहीही न गाळलेला आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ई-आर्क लागतं.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, त्यामागचं कारण समजलं की उपाय सोपा होतो. टीव्ही चित्र दाखवण्याआधी ते घासूनपुसून घेतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि त्यात वेळ जातो. आवाज तोवर पुढे निघून गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात लांबचा आवाज नेहमी दृश्यानंतरच पोचतो, आपल्या कानांना ती सवय आहे. आवाज पुढे धावत असेल तर रिसीव्हरमधला 'डिले' थोडा थोडा वाढवावा. मागे पडत असेल तर डिले शून्यावर आणावा आणि आवाजावर टीव्हीत होणारी प्रक्रिया बंद करावी. लोक नेमकं उलट करत बसतात.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपकरण म्हणजे खोली. पुण्या-मुंबईतल्या, नाशकातल्या फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर आणा. खाली विट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला गॅलरीचं काचेचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे उघडा पॅसेज, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. टाइल्स आणि काचेवरून आवाज परततो आणि संवाद घोटाळतात. बाजूचे स्पीकर बसणाऱ्याच्या किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर हवेत. सोफा भिंतीला लागला की त्यांना जागाच उरत नाही, आणि पॅसेजच्या बाजूला टांगायला भिंतच नसते. सोफा दीड फूट पुढे ओढला तर जो फरक पडतो, तो पन्नास हजार रुपये वाढवून पडत नाही. टाइल्सवर जाड सतरंजी आणि काचेवर जड पडदा, हा पुढचा खर्च.

वूफरचं गणित तर खोलीच करते. समोरासमोरच्या दोन भिंतींत बारा फुटांचं अंतर असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर तिथे घुमतो. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याच्या छातीत धडधड होते, मधोमध बसलेल्याला बास ऐकूच येत नाही. वूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट सरकवला की हे चित्र बदलतं. सोपी रीत अशी, की वूफर थोडा वेळ सोफ्याच्या जागी ठेवावा, एखादं ठेक्याचं गाणं लावावं आणि आपण जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावं. जिथे बास स्वच्छ आणि सारखा वाटेल, तिथे वूफरची जागा. त्याखाली रबराची जाड चकती घाला, कारण स्लॅबमधून जाणारी थरथर खालच्या मजल्यावरच्यांना रात्री झोपू देत नाही.

छताकडे तोंड केलेले अ‍ॅटमॉस स्पीकर घेताना आधी वर बघा. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यायचा असतो. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साडेसात ते बारा फूट उंचीचं असावं. पीओपीचे कप्पे, खोल खाचा आणि मधोमध पंखा असेल तर तो आवाज विखुरतो. कोकणातल्या उतरत्या कौलांखाली तर हे स्पीकर घेऊच नयेत. ते पैसे समोरच्या तीन स्पीकरांत घालावेत.

त्या तिघांतला मधला सगळ्यात महत्त्वाचा. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्यातून येतात, आणि आपल्याकडे तोच टीव्ही युनिटच्या बंद खणात काचेमागे ठेवतात. 'स्फोट ऐकू येतात, बोलणं ऐकू येत नाही' असं वडील म्हणाले, तर कान तपासायच्या आधी तो स्पीकर खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा, कानांच्या दिशेनं किंचित वर कलता करा आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबलनं वाढवा. रात्री 'नाइट मोड' लावला की मोठे आवाज खाली येतात आणि हळू बोलणं वर येतं.

शेवटची गोष्ट भिंतीतली. सुतार आणि इलेक्ट्रिशियन काम करत असताना पाइपात एचडीएमआय केबल टाकून वर प्लास्टर करून घेतात. तिचा प्लग साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतो आणि २५ मिलिमीटरच्या पाइपातल्या काटकोनी वळणातून तो जात नाही, म्हणून केबल आधी घालून मग पाइप बुजवतात. पुढे ती केबल कमी पडली की भिंत फोडावी लागते. दहा मीटरसारख्या अंतरासाठी फायबरची केबल घ्यावी लागते आणि तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी घातली तर चित्र येत नाही. म्हणून प्लास्टरच्या आधी दोन्ही टोकं जोडून चित्र आणि आवाज बघून घ्या. घराचं काम काढणार असाल, तर टीव्हीपासून रिसीव्हरच्या जागेपर्यंत ४० मिलिमीटरचा पाइप, काटकोन न देता मोठ्या वळणांनी टाकून घ्या, आणि आत नायलॉनची एक दोरी ओढून ठेवायला इलेक्ट्रिशियनला आठवणीनं सांगा.