रात्रपाळीची लाईट

रात्री 10. थ्री फेज आली, पण विहिरीवरून मोटारीचा आवाज नाही. म्हणजे फ्यूज गेला. दोष आमचाच. डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो स्विच लावलेत. लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उठतात. वायरमन सांगून थकला. एकजण ऑटो काढतो, बाकीचे ठेवतात, मग तोही पुन्हा लावतो.

11.30. फ्यूज बसला. पुतण्या बॅटरी घेऊन बांधावर, मी उसाच्या सरीत. जुन्नर-आंबेगावात रात्री दारं धरायला एकट्यानं जायचे दिवस गेले. मोबाईलवर भजन मोठ्यानं लावायचं, मध्येच खाकरायचं. डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांच्या पाण्यानं ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो म्हणतात, म्हणून मी जरा जरा वेळानं फावडं टेकून ताठ उभा राहतो. कंबरेलाही बरं वाटतं.

पहाटे 6. लाईट गेली. दोन सऱ्या कोरड्याच राहिल्या.

सकाळी 8. चहाला शेजारचे अण्णा. "बोर्डानं आज किती वेळ दिली?" बोर्ड जून 2005 मध्येच मोडला, आणि तेव्हा ऊर्जामंत्री आमच्याच आंबेगावचे दिलीप वळसे पाटील होते. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. दर ठरवणारा आयोग तर त्याआधी, 1999 पासूनच आहे. अण्णांना हे सगळं ठाऊक आहे. तरी बोर्डच म्हणतात.

दुपारी 12. नारायणगावला टोमॅटो घेऊन. वीस किलोचं क्रेट, भोवती व्यापारी, बोली. विजेचाही असाच बाजार आहे. एक्सचेंज 2008 मध्ये सुरू झालं. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. माझा टोमॅटो एखादा दिवस तग धरतो, वीज क्षणभरही नाही. पण तिला वर झाकण आहे: 2023 च्या एप्रिलपासून युनिटला 10 रुपयांपुढे बोली जात नाही. त्याच वर्षी जुलैत इथं क्रेट 2,000 रुपयांच्या वर गेलं होतं, आणि कोणी झाकण लावलं नाही. एरवी हाच माल रस्त्याकडेला ओतलेलाही मी पाहिलाय, तेव्हाही खाली कोणी हात धरला नाही. आज भाव मधलाच निघाला.

दुपारी 3. धाकट्या भावाचा फोन. तो चाकणला कारखान्यात देखभाल पाहतो. "दादा, आता आमची जड कामं दुपारीच. सौर वीज इतकी येते की भाव पडतो. संध्याकाळी मात्र चढतो." कायद्यानं एक मेगावॅटपासून पुढच्या गिऱ्हाइकाला वीज कोणाकडूनही घ्यायची मुभा दिली, हरित विजेसाठी 2022 मध्ये ती 100 किलोवॅटवर आली. एक मेगावॅट म्हणजे माझ्या पाच अश्वशक्तीच्या 268 मोटारी. माझ्या वाट्याला निवड नाही, पाळी आहे. बिलही नाही म्हणा: साडेसात अश्वशक्तीपर्यंत एप्रिल 2024 पासून पाच वर्षं माफ, पैसे सरकार भरतं. भाऊ चिडवतो, "आमच्या कारखान्याचा दर तुमच्यामुळे चढा." खोटं नाही. पण फुकटच्या गिऱ्हाइकाला वेळेची तक्रार करायला तोंड राहत नाही, हे मला बिलापेक्षा जास्त टोचतं.

खरं तर रात्रीची पाळी कोणी आकसानं लावली नव्हती. औष्णिक संच रात्री बंद करता येत नाहीत, शहर झोपतं, उरलेली वीज शेतीला. हा हिशेब त्या काळी बरोबर होता. आता उरते ती दुपारची. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल बसवून शेतीचा फीडर दिवसा चालवतात. राळेगणसिद्धीपासून 2017 मध्ये सुरुवात झाली. बिबट्याच्या भीतीनं आम्ही दिवसाची वीज वर्षानुवर्षं मागत होतो. मिळायला लागली ती दुपारचा भाव उतरल्यावर. मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण कुठलंही असो, उजेडात पाणी मिळतंय.

संध्याकाळी 7. घरात दिवे, टीव्ही, मिक्सर, सगळं चालू. गावठाणाचा फीडर वेगळा आहे. "आज झोपाल तरी का?" बायको विचारते. मी घड्याळाकडे बघतो.

रात्री 9.45. बॅटरी चार्ज झालीय, पुतण्या दारात. आमच्या फीडरला रात्रीच्या अजून दोन पाळ्या. सोमवारपासून सकाळी साडेआठ ते साडेचार.