छापखान्याची पायरी चढण्यापूर्वी

माल चोख असला की गिऱ्हाईक आपणहून येते, अशी आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांची समजूत होती. गावातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकापुरती ती खरीही होती. आज माल गावाबाहेर जातो. तो ज्याच्या हाती पडतो, त्याने आपले दुकानही पाहिलेले नसते आणि आपला चेहराही. त्याला दिसते ते पाकीट, त्यावरचे लेबल आणि मालाचा फोटो. तेवढ्यावरून तो मालाची पारख करतो. म्हणून मांडणी, छायाचित्रण आणि छपाईची पूर्वतयारी या तीन गोष्टींची तोंडओळख प्रत्येक व्यापाऱ्याने व कारागिराने करून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

मोरा बंदराचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पोटभाग होता आणि मोरा हे त्याचे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच पिढ्यान्‌पिढ्या येथे लागत आली. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. मुंबईची बाजारपेठ अशी हाताशी आली. परंतु टोपलीतून विकले जाणारे सुके बोंबील किंवा सुकट शहरातल्या दुकानाच्या फळीवर ठेवायची, तर ती पाकिटात भरावी लागते. तेथून छापखान्याशी गाठ पडते.

आधी कायदा, मग सजावट

लेबल म्हणजे नक्षी नव्हे. तो कायद्याचा कागद आहे. वेष्टनबंद मालासंबंधीचे वजनमाप नियम २०११ पासून लागू आहेत. त्यांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क इतका मजकूर पाकिटावर हवाच. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी क्रमांकही लागतो. मासळीसाठी मांसाहाराची खूण आवश्यक आहे. पूर्वी चौकोनात तपकिरी गोल छापत. २०२० च्या नियमावलीने तेथे तपकिरी त्रिकोण आणला. जुने लेबल नजरेखालून न घालता पुन्हा छापणाऱ्याचा माल येथेच अडतो. म्हणून प्रथम हा सर्व मजकूर कोऱ्या कागदावर लिहून काढावा आणि त्याची जागा राखावी. वेलबुट्टी उरलेल्या जागेत करावी.

अक्षराची शिस्त

एका लेबलावर फार तर दोन वळणांची अक्षरे वापरावीत. मालाचे नाव सर्वांत ठळक, मग वजन व किंमत, मग बाकी तपशील, अशी पायरी असावी. सगळेच मोठे केले की काहीच मोठे दिसत नाही.

देवनागरीला वर-खाली मात्रा व उकार असल्याने दोन ओळींत अंतर जास्त लागते. रोमन अक्षरे पसरून मांडतात तशी आपली अक्षरे पसरू नयेत; शिरोरेषा तुटते आणि शब्द विसविशीत दिसतो. चांगल्या अक्षरांसाठी पैसे मोडावेच लागतात असेही नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेले मुक्ता व बलू हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

लग्नपत्रिकेत मराठीबरोबर उर्दू मजकूर येतो, तेथे दुहेरी काळजी हवी. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. ती नीट न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे सुटी पडतात आणि शब्द उलटा होतो. भाषा न येणाऱ्या ऑपरेटरला ती चूक दिसतही नाही. शेवटची प्रत उर्दू वाचणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय छपाईची परवानगी देऊ नये.

उजेडाची पारख

मालाच्या फोटोसाठी महागडा कॅमेरा नसला तरी चालते. चांगला उजेड हवा. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशेजारी टेबल ठेवावे. पांढरा कार्डशीट मागून वर उचलून पुढे टेबलावर वळवावा, म्हणजे भिंत व टेबल यांची रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळी सावली उजळते. फ्लॅश बंद ठेवावा.

कशिदा किंवा विणकाम असेल तर उजेड बाजूने घ्यावा, त्याने टाका न्‌ टाका उठून दिसतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात सगळी खोली दिसू लागते. भांड्याभोवती पांढरे कापड धरले की ती प्रतिबिंबे जातात. सुक्या मासळीला पांढऱ्यापेक्षा गडद किंवा लाकडी पार्श्वभूमी बरी.

आता थोडे गणित. छपाईत एका इंचाला साधारण ३०० बिंदू लागतात. म्हणजे ४ इंच रुंद फोटोसाठी १२०० बिंदू रुंदीचे चित्र हवे. आजच्या मोबाईलमध्ये ते सहज मिळते, पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवले की चित्र आकसते आणि छापल्यावर धुरकट दिसते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

छापखान्यासाठी फाईल

पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या व निळ्या उजेडाचा असतो. कागदावरचा रंग निळसर सायन, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंचा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद पडतो तो यामुळे. ही वाटणी नवी नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हा चित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. आज दगडाच्या जागी प्लेट आहे, तत्त्व तेच.

फाईल देण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. रंग चार शाईंत बदलले आहेत ना? बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना? चारही शाईंत तो ठेवला आणि प्लेट केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत कडा येतात. पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर नेला आहे ना? अक्षरे फाईलमध्येच बांधली किंवा आकृतीत बदलली आहेत ना? नाहीतर छापखान्याच्या संगणकावर मराठीची भलतीच चिन्हे होतात. आणि शेवटी, पीडीएफची छापील प्रत खऱ्या आकारात काढून दुसऱ्याकडून वाचून घेतली आहे ना?

ऑफसेटमध्ये प्लेट व जुळणीचा खर्च १०० प्रतींना असो वा ५,०००, सारखाच येतो. प्रती वाढतील तसा दर प्रती कमी होतो. थोड्या प्रतींसाठी डिजिटल किंवा स्क्रीन प्रिंटिंग परवडते. प्लेट झाल्यावर सापडलेली चूक मात्र पूर्ण खर्चाची असते.

शिकावे कोठे?

चित्रकलेची आवड असलेल्या मुलामुलींना एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय परीक्षांना बसवावे. आयटीआयमध्ये डीटीपी ऑपरेटरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्था आणि शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहेत. ज्यांना धंदा सोडून जाता येत नाही त्यांनी जवळच्या छापखान्यात, मालकाच्या संमतीने, महिनाभर रोज दोन तास उभे राहावे. घरी सरावासाठी इंकस्केप, गिंप व स्क्रायबस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

यंत्र बदलेल, त्याची धास्ती नको. उर्दू छपाई दीर्घकाळ कातिबांच्या लेखणीवर चालली. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा संगणकीय टंक आला, १९९४ मध्ये इनपेज आले आणि हाताने लिहिणाऱ्यांचे काम आटले. पण नूरी नस्तालीक उभा राहिला तो मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने हाताने लिहिलेल्या हजारो जोडाक्षरांवर. आज संगणक आपणहून लेबले रचून देऊ लागला आहे. त्याने दिलेल्या दहा नमुन्यांतला कोणता छापण्याजोगा, कोणता नियमात बसणारा, हे ओळखणारी नजर मात्र माणसालाच कमवावी लागते. ती आपल्या घरातल्या एखाद्याने तरी कमवावी. मग छापखान्याच्या दारात आपण हात जोडून नव्हे, हिशेब मांडून उभे राहू.