कालियाचा डूख

नरसीचे नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तूप घेऊन धांवले, ही कथा आपण कौतुकानें सांगतों. नागाच्या वांट्याला मात्र डूख धरण्याची अपकीर्तिच आली. दादासाहेब फाळके यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट आतां घरबसल्या पाहतां येतो. ‘राजा हरिश्चंद्रा’च्या कीर्तीपुढें तो झांकला गेला, हें बरें झालें नाहीं. कृष्ण झाली आहे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. पाण्याखालीं झुंज चालली असतां चित्र मध्येंच कांठावरच्या व्याकुळ गोकुळाकडे वळतें. खरें भय तेथें दाटतें. नाग खोटा आहे, हें लहान मूलहि ओळखील. तरी नागपत्नी हात जोडतात, तेव्हां मन कालियाकडे झुकतें. त्यानें डूख धरला तरी कोणावर? गरुडाच्या धाकानेंच तो त्या डोहांत येऊन राहिला होता.