दुर्मिळ रोगाचे संशोधन आणि एक धर्मादाय संस्था

एखाद्या रोगाने लाखो लोक पीडित असले, की त्याच्यावरील संशोधनाला चालना मिळण्यास फारसा विलंब लागत नाही. रोगी रुग्णालयांच्या दारांशी उभे असतात, शासनाला त्यांची दखल घ्यावी लागते, विद्यापीठांत त्या विषयाचे अभ्यासक तयार होतात आणि औषध तयार झाल्यास ते विकत घेणारे पुष्कळ आहेत हे कारखानदारांनाही ठाऊक असते. परंतु साऱ्या जगात मिळून ज्याचे रोगी काही शेकड्यांहून अधिक भरणार नाहीत, अशा रोगाचे काय? बहुतेक डॉक्टरांना आयुष्यभरात असा एकही रोगी भेटत नाही. जे थोडे रोगी असतात ते निरनिराळ्या देशांत विखुरलेले असतात. अशा रोगावर संशोधन करावे असे एखाद्या शास्त्रज्ञाच्या मनात आले, तरी सुरुवात कोठून करावी, हाच त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो.

या ठिकाणी धर्मादाय संस्थेचे काम सुरू होते. धर्मादाय म्हटले की अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा किंवा रुग्णालयाला दिलेली देणगी यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. दुर्मिळ रोगासाठी काम करणाऱ्या संस्थेलाही देणग्या गोळा कराव्या लागतात. परंतु तिचे खरे महत्त्व वेगळे आहे. ज्या साधनांवाचून संशोधनाला प्रारंभच होऊ शकत नाही, ती साधने तिला एकेक करून उभी करावी लागतात. ती साधने कोणती, हे प्रोजेरिया या रोगाच्या इतिहासावरून चांगले समजते.

रोगाचे स्वरूप

‘प्रोजेरिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ अकाली येणारे वार्धक्य असा आहे. १८८६ साली जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदाने अशा एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे हेस्टिंग्ज गिल्फोर्डने या रोगाचा अधिक अभ्यास केला. म्हणून त्याला हचिन्सन-गिल्फोर्ड लक्षणसमूह असेही म्हणतात. भारतीय वाचकांपैकी अनेकांना या रोगाचे नाव २००९ सालच्या ‘पा’ या हिंदी चित्रपटामुळे परिचित झाले असेल. त्यात अमिताभ बच्चन यांनी प्रोजेरियाग्रस्त मुलाची भूमिका केली होती.

जन्माच्या वेळी हे मूल सर्वसाधारण बालकासारखेच दिसते. परंतु पहिल्या एकदोन वर्षांत त्याची वाढ मंदावते, केस गळतात, त्वचेखालची चरबी नाहीशी होते आणि सांधे आखडू लागतात. मात्र त्याच्या बुद्धीवर काहीही परिणाम होत नाही. आपल्या वयाच्या इतर मुलांप्रमाणेच ते शिकते, खेळते आणि आपल्या शरीराचे काय होत आहे हेही त्याला कळते. त्याच्या रक्तवाहिन्या मात्र वृद्ध माणसाच्या रक्तवाहिन्यांप्रमाणे कठीण होत जातात. उपचार न झाल्यास अशी मुले सरासरी साडेचौदा वर्षे जगतात आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार हेच असते.

सुमारे ४० लाख जन्मांमागे एका बालकाला हा रोग होतो, असा अंदाज आहे. या प्रमाणाने पाहिल्यास भारतासारख्या देशात दरवर्षी अशी पाचसहा मुले जन्माला येत असली पाहिजेत. त्यांतील कितींच्या रोगाचे अचूक निदान होते, हा प्रश्न वेगळाच आहे.

संस्थेची स्थापना

१९९८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका डॉक्टर दांपत्याच्या मुलाला प्रोजेरिया झाल्याचे निदान झाले. आईचे नाव लेस्ली गॉर्डन, वडिलांचे स्कॉट बर्न्स आणि मुलाचे सॅम. तो त्या वेळी दोन वर्षांचाही नव्हता. दोघेही वैद्यकशास्त्र शिकलेले असल्यामुळे त्यांनी या रोगासंबंधीचे वाङ्मय शोधून पाहिले. रोगाचे कारण माहीत नव्हते, निदानाची खात्रीची चाचणी नव्हती, उपचार नव्हता आणि या विषयावर संशोधन करणारेही जवळजवळ कोणी नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी लेस्ली यांची भगिनी ऑड्री गॉर्डन यांच्या साहाय्याने ‘प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. ऑड्री या व्यवसायाने वकील होत्या.

संस्थेपुढचे पहिले काम रोगी शोधण्याचे होते. जगभरच्या कुटुंबांशी व डॉक्टरांशी पत्रव्यवहार करून तिने रोग्यांची नोंदवही तयार केली. प्रत्येक मुलाचे वजन, उंची, दात, हाडे, हृदय यांची माहिती एका ठिकाणी साठविली जाऊ लागली. याच्या जोडीने मुलांचे रक्त व त्वचेचे सूक्ष्म तुकडे मिळवून त्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची व्यवस्था करण्यात आली. यालाच पेशींची पेढी म्हणता येईल. ज्याला या रोगावर काम करावयाचे आहे, अशा शास्त्रज्ञाला तेथून पेशी मागवून घेता येतात. रोगी शोधण्यासाठी त्याला स्वतः देशोदेशी हिंडावे लागत नाही. शिवाय निरनिराळ्या क्षेत्रांतील शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या परिषदाही संस्था भरवू लागली. अशा परिषदांमुळे प्रोजेरियाचे नावही पूर्वी न ऐकलेले संशोधक या विषयाकडे वळले.

कारणाचा शोध

या पूर्वतयारीचे फळ अनपेक्षित वेगाने मिळाले. संस्था स्थापन होऊन चार वर्षे झाली असतील-नसतील, तोच एप्रिल २००३ मध्ये रोगाला कारणीभूत असलेले जनुक सापडले. फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी गटाने आणि त्याच सुमारास फ्रान्समधील एका गटाने हा शोध जाहीर केला. अमेरिकी गटाने तपासलेल्या २० रोग्यांपैकी १८ जणांत अगदी एकच बदल आढळला आणि आणखी एकात त्याच जागी थोडा निराळा बदल होता. इतके थोडे रोगी ज्याचे असतात, त्या रोगाचे २० नमुने एकत्र उपलब्ध होणे हीच पूर्वी अशक्य कोटीतील गोष्ट होती.

हा बदल समजून घेण्यासारखा आहे. पेशीच्या केंद्रकाच्या आतल्या बाजूस प्रथिनांचे एक अस्तर असते. तंबूला जसा आतून काठ्यांचा आधार असतो, तसा आधार ते केंद्रकाला देते. या अस्तरातील ‘लॅमिन ए’ हे प्रथिन तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्यातील एकच अक्षर प्रोजेरियात बदललेले असते. वरवर पाहता हा बदल निरुपद्रवी वाटतो, कारण त्या जागी जे अमिनो आम्ल यावयाचे तेच येते. परंतु त्या बदलामुळे सूचनेची नक्कल भलत्याच ठिकाणी कापली जाते आणि तयार होणाऱ्या प्रथिनातील ५० अमिनो आम्ले गळून जातात. या खुरट्या प्रथिनाला ‘प्रोजेरिन’ असे नाव आहे.

गळालेल्या भागाबरोबर एक महत्त्वाची जागाही नाहीशी होते. लॅमिन तयार होताना त्याच्या शेपटीला ‘फार्नेसिल’ नावाचा एक स्निग्ध रेणू चिकटविला जातो आणि काम संपल्यावर तो कापून टाकला जातो. प्रोजेरिनमध्ये कापण्याची जागाच उरत नाही. त्यामुळे ते केंद्रकाच्या आवरणाला कायमचे चिकटून बसते आणि केंद्रक वेडेवाकडे होते.

हा बदल बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो. गर्भधारणेच्या सुमारास तो नव्यानेच घडतो. आईच्या आहाराचा, वडिलांच्या आचरणाचा किंवा कुळाचा त्याच्याशी संबंध नसतो. ज्या कुटुंबांना वर्षानुवर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे ऐकावे लागले, त्यांच्या दृष्टीने ही माहिती औषधाइतकीच मोलाची ठरली. शिवाय जनुक कळल्यामुळे निदानाची खात्रीची चाचणीही उपलब्ध झाली.

औषधाची चाचणी

चिकटलेला स्निग्ध रेणूच जर अपायाचे मूळ असेल, तर तो चिकटूच न देणारे औषध उपयोगी पडेल काय? असे औषध योगायोगाने तयार होते. ‘लोनाफार्निब’ हे द्रव्य शेरिंग-प्लाऊ या कंपनीने कर्करोगासाठी विकसित केले होते. प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर या जातीच्या औषधांचा अनुकूल परिणाम दिसल्यानंतर मे २००७ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयात मुलांवरील पहिली चाचणी सुरू झाली. तिच्यात १६ देशांतील २८ मुले होती. ती दर चार महिन्यांनी आपल्या पालकांसह बॉस्टनला येत. या चाचणीसाठीचा पैसा संस्थेने उभा केला.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहिला. एरवी नव्या औषधाची परीक्षा घेताना निम्म्या रोग्यांना औषध आणि निम्म्यांना नुसत्या पिठाची गोळी दिली जाते. ज्या मुलांच्या हाती थोडीच वर्षे आहेत, त्यांतील निम्म्यांना औषधापासून दूर ठेवणे कोणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. अशा वेळी जुन्या नोंदवहीचा उपयोग झाला. प्रोजेरियाच्या मुलांचे वजन किती मंद गतीने वाढते, हे तिच्यावरून आधीच ठाऊक होते. त्यामुळे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी करता आली.

२०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी पूर्ण करणाऱ्या २५ मुलांपैकी नऊ जणांच्या वजनवाढीचा वेग निम्म्याने किंवा त्याहून अधिक वाढला होता. दहा जणांत विशेष फरक नव्हता आणि सहा जणांत तो उलट घटला होता. एवढ्यावरून मोठे यश म्हणता आले नसते. परंतु अनेकांच्या रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला होता आणि हृदयविकार हेच मृत्यूचे कारण असल्यामुळे या गोष्टीला विशेष महत्त्व होते. २०१८ साली आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या २७ मुलांपैकी सुमारे दोन वर्षांच्या काळात एक दगावले, तर औषध न मिळालेल्या तेवढ्याच मुलांपैकी नऊ दगावली. ही दुसरी २७ मुले कोठून आली? ती नोंदवहीतून आली. त्यांच्या पालकांनी पूर्वी पाठविलेली माहिती अशा रीतीने पुढच्या मुलांच्या उपयोगी पडली.

२० नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोनाफार्निबला मान्यता दिली. प्रोजेरियासाठी मान्य झालेले हे पहिलेच औषध. २०२२ मध्ये युरोपातही त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे रोग बरा होत नाही. मान्यतेच्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढते. सरासरी साडेचौदा वर्षांच्या आयुष्यात अडीच वर्षे म्हणजे किती, याचा विचार वाचकांनीच करावा. सॅम बर्न्सही हे औषध घेत होता. जानेवारी २०१४ मध्ये सतराव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. मान्यतेचा दिवस त्याने पाहिला नाही.

पुढील वाटचाल

औषध मान्य झाले म्हणून संस्थेचे काम संपले नाही. अमेरिकेत मुलांच्या दुर्मिळ रोगावरील औषधाला मान्यता मिळाली, की कंपनीला दुसऱ्या एखाद्या औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचा परवाना बक्षीस मिळत असे आणि तो विकताही येई. लोनाफार्निबचा असा परवाना साडेनऊ कोटी डॉलरना विकला गेला व करारानुसार त्याचा निम्मा वाटा संस्थेला मिळाला. कंपनीशी करार करताना दाखविलेली दक्षता किती फलदायी ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे. उलट बाजूही लवकरच दिसली. २०२४ साली हे औषध विकणाऱ्या आयगर या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर ते सेंटिनल या कंपनीने विकत घेतले. ही कंपनी अहमदाबादच्या झायडस समूहाच्या मालकीची आहे. मूठभर रोग्यांचे औषध एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

दरम्यान संशोधन पुढे गेले आहे. २०२१ साली प्रोजेरियाग्रस्त उंदरांच्या जनुकातील ते चुकलेले अक्षरच दुरुस्त करण्यात आले. त्यांचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढले. माणसात हे साधेल किंवा नाही, हे पुढील चाचण्यांवरूनच ठरेल.

इतक्या थोड्या मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला एक उत्तर विज्ञानाने दिले आहे. प्रोजेरिन अल्प प्रमाणात निरोगी माणसांच्या पेशींतही आढळते. म्हणजे या मुलांच्या अभ्यासातून सर्वांच्याच वार्धक्यावर प्रकाश पडण्याचा संभव आहे. दुसरे उत्तर त्याहून साधे आहे. रोग दुर्मिळ असला, तरी ज्या घरी तो येतो त्या घरातले मूल एकच असते.

आपल्या देशात असे एखादे मूल डॉक्टरांपुढे आले, तर त्याचा रोग ओळखला जाणे आणि त्याची नोंद होणे ही पहिली पायरी आहे. साऱ्या संशोधनाचा प्रारंभ अशा एका नोंदीपासून होतो.